आवळलेल्या चावीचा आवाज

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं की, सिनेमाच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, मोठ्या लोकांचे किस्से असले तर दुधात साखर. किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. पण यंदा मी लिहिणार आहे ते अर्ध्या सेकंदाच्या एका आवाजाबद्दल. तो आवाज कुठल्या गाजलेल्या चित्रपटात नाही. एका विद्यार्थिनीच्या चौदा मिनिटांच्या फिल्ममध्ये मी तो घातला होता, आणि त्याची आठवण आली की मला आजही कानकोंडं होतं. संपादकांनी माफ करावं.

आधी धंदा काय तो सांगतो, कारण आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी सिनेमाला गाणी लावायचो. शूटिंगच्या वेळी माइकचं सगळं लक्ष नटाच्या तोंडाकडे असतं. त्याची पावलं, कपड्यांची सळसळ, भांडी, दारं, कुलपं हे सगळं नीट पकडलं जात नाही. ते मागाहून, पडद्यावर चित्र बघत बघत, बंद खोलीत कुणीतरी नव्याने करावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मराठीतल्या कितीतरी नायिका जिना उतरताना तुम्ही बघितल्या असतील. तो जिना पायात बायकी चपला घालून मी उतरलोय. हाड मोडायचं असलं की कोबीचा दांडा, चिखलात चालायचं असलं की भिजवलेली कणीक आणि थोराड माणसाच्या कानफटात वाजवायची असली की ओला पंचा. सुपात नाचणी ओतून मी जेवढा पाऊस पाडलाय तेवढा लोणावळ्यातही पडला नसेल.

ह्या धंद्याचा एक नियम आमचे गुरू सांगायचे, आणि मी तो पुढे डझनावारी पोरांना सांगितला: खरा आवाज खरा वाटत नाही. बंदुकीचा खरा बार फटाक्याच्या लवंगीसारखा वाजतो. म्हणून खऱ्याच्या नादी लागायचं नाही, खरं वाटेल ते घ्यायचं. नियम चुकीचा नाही. पण नियम पाठ झाला की माणूस तपासून बघायचं सोडून देतो, तसं माझं झालं होतं.

तसा इशारा मला फार पूर्वी मिळाला होता. एका चित्रपटात दिवाळीच्या पहाटेच्या प्रसंगात मी कोकिळा घातली होती. अंगणात पणत्या, रांगोळी, आणि मागे कुहू कुहू. एका निवृत्त मास्तरांचं पोस्टकार्ड आलं: 'महोदय, कोकिळा आश्विनात गात नाही. कळावे.' आम्ही ते कार्ड स्टुडिओच्या फळ्यावर टाचणीने लावलं आणि पुढची कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून हसलो. मास्तरांना उत्तर पाठवायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

निवृत्तीनंतर मुंबईची जागा विकून आम्ही तळेगावला आलो. मी आणि माझी बायको सुमन. बाल्कनीत झोपाळा, समोर डोंगर, आणि माझ्या कानांना पेन्शन. पण सवय सुटत नाही. आसपासच्या कॉलेजांत सिनेमा शिकणारी मुलं आहेत हे कळल्यावर मी आपणहून सांगावा धाडला की आवाजाचं काही अडलं तर या, फुकट शिकवतो. फुकट शिकवणाऱ्याला एक मोबदला हवा असतो, तो म्हणजे ऐकून घेणारं माणूस. तेव्हा मला हे कबूल नव्हतं.

गणपती झाल्यावर प्रणाली आली. कुरवंड्याची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. बोलायला शहरी, पण घरचा फोन आला की आवाज एकदम सैल होऊन "आई, मी हितंच हाय" म्हणणारी. तिचे वडील नामदेवभाऊ रेल्वेत चावीवाले होते. कागदावर कीमॅन. रूळ ज्या लोखंडी कड्यांनी खालच्या आडव्या स्लीपरला आवळलेले असतात त्यांना ही माणसं चावी म्हणतात. गाड्यांच्या हादऱ्याने त्या हलतात, सरकतात. चावीवाल्याने खांद्यावर हातोडा आणि हातात झेंड्या घेऊन रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी चालायचा, प्रत्येक चावीवर नजर ठेवायची, शंका आली तिथे हातोडा घालायचा आणि ढिली निघाली तर बसेपर्यंत ठोकायची. घाटात, बोगद्यांतून, दरीच्या कडेने. नामदेवभाऊंनी हे चौतीस वर्षं केलं होतं आणि जानेवारीअखेर ते निवृत्त होणार होते. प्रणालीला त्यांच्या कामावर फिल्म करायची होती. कॉलेजचे गुण हा एक भाग. पण तिचा खरा बेत वेगळा होता. वडिलांच्या निरोपाच्या दिवशी, रूळ सांभाळणाऱ्या त्यांच्या गँगमधल्या सगळ्या माणसांसमोर ती फिल्म दाखवायची.

"सर, बाबा काय करतात ते आम्ही घरच्यांनी कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. "आणि ते स्वतः सांगणारे नाहीत."

मला ती आवडली. मी तिला मोठ्या कागदावर उभे रकाने आखून दिले. पहिल्यात चित्र, दुसऱ्यात बोलणं, तिसऱ्यात आवाज, चौथ्यात संगीत. कुठल्या चित्राला काय ऐकू येणार आणि काय येणार नाही हे आधी ठरवायचं, मग माइक उचलायचा. संगीतात तिची मैत्रीण मुक्ता व्हायोलिन वाजवणार होती. मी म्हटलं, व्हायोलिन पहिल्यापासून नको. आधी नुसता हातोडा. एक टोला, दरीत तो विरतो, आणि तो विरता विरता त्याच्याच सुरातून व्हायोलिन निघतं. मुक्ताने वहीत लिहून घेतलं. प्रणालीचे डोळे चमकले. मला आपण अजून कामाचे आहोत असं वाटलं.

रेल्वेची परवानगी तीन दिवसांची मिळाली, तीही एक अधिकारी सोबत राहील ह्या अटीवर. नोव्हेंबरात प्रणाली वडिलांबरोबर तीन दिवस चालली. वडिलांच्या सदऱ्याला छोटा माइक लावला होता. शिवाय पहिल्या दिवशी ती नागफणीच्या अंगाला डोंगरावर बसून दरीचा नुसता आवाज वीस मिनिटं घेऊन आली, कारण मीच तसं शिकवलं होतं. प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा एक आवाज असतो: वारा, पाखरं, दूरचा रस्ता. आम्ही त्याला हवा म्हणतो. हवा खाली अंथरल्याशिवाय बाकीचे आवाज टिकत नाहीत.

तिने आणलेलं सगळं मी ऐकलं. हातोड्याचा आवाज ऐकून माझी निराशा झाली. ठप्प. पाटावर पाट आपटावा तसा. ना घुमत होता, ना लांबत होता, सुराचा तर पत्ताच नाही. तीन दिवसांत हातोडा दीडदोनशे वेळा पडला असेल. एकदोन अपवाद सोडले तर सगळे तसेच, मठ्ठ. त्यातून व्हायोलिन काढायचं म्हणजे दगडातून रस काढायचा.

मी माझं काम केलं. झोपाळ्याची एक कडी सोडवली, सुतळीने बाल्कनीत टांगली आणि सुमनच्या खलबत्त्यातल्या बत्त्याने तिच्यावर टोला घातला. काय सांगू! स्वच्छ, लांब, शेवटी किंचित थरथरणारा आवाज. मुक्ताने फोनवरून सूर सांगितला, तंतोतंत काळी दोन. मी असे नऊ टोले घेतले, फिल्ममध्ये हातोडा नऊ वेळा पडत होता म्हणून. सुमन लसूण सोलत होती. ती म्हणाली, "देवळातली घंटा वाटतेय." मी म्हटलं, "वाटू दे, वाटण्यावरच आपलं घर चाललं."

प्रणालीला चित्राबरोबर ऐकवलं. ती म्हणाली, "सर, छान आहे. पण बाबांचा असा येत नाही."

मी तिला बंदुकीची गोष्ट सांगितली. फटाक्याची लवंगी, प्रेक्षक, वाटणं, सगळं. ती म्हणाली, "नाही, म्हणजे, बाबांचा एकदा ऐकून बघायचा का परत? त्यांना विचारून?" मी हसलो. मी म्हटलं, "बाळ, सुताराला विचारून कुणी खुर्चीचा आवाज लावत नाही." हे वाक्य तेव्हा मला फार चुरचुरीत वाटलं होतं. माझं वय, माझी चाळीस वर्षं आणि वर फुकट शिकवणी. तिने पुढे बोलायचं तरी कसं.

आणि मग मी ते केलं जे आमच्या धंद्यातलाच माणूस करेल. आमच्या काळी टेपची रिळं महाग. गुरूंची शिस्त अशी की एक आवाज पसंत केला की नापसंत आवाज त्याच दिवशी पुसून टाकायचा. दोन ठेवले की मन डळमळतं, काम संपत नाही. संगणक आला, जागेची ददात मिटली, पण माझी शिस्त राहिली. प्रणालीने तीन दिवसांचं ध्वनिमुद्रण माझ्याकडेच ठेवलं होतं. मेमरी कार्ड कॉलेजचं होतं, ते पुसून दुसऱ्या गटाला गेलं होतं. मी नापसंत आवाज निवडले आणि पुसले. खरं सांगायचं तर त्या दिवशी फक्त शिस्त नव्हती. पोरगी पुन्हा 'बाबांचा ऐकू या' म्हणेल, ती वाटच बंद करावी असंही मनात होतं. हवा तेवढी ठेवली. हवा आम्ही कधी फेकत नाही.

निरोपाचा कार्यक्रम फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी, कुरवंड्यात देवळाच्या मंडपात झाला. गँगची माणसं बायकापोरांसह आली होती. पुढच्या रांगेत मुकादम ज्ञानोबा, कामशेतचे, नामदेवभाऊंच्या बरोबरीने रेल्वेत लागलेले. शाल-श्रीफळ झालं. नामदेवभाऊ बुटके, काटक, नव्या टोपीत अवघडलेले. मला त्यांनी बळेच खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सतरंजीवर बसले.

फिल्म सुरू झाली. धुकं, बोगद्याचं तोंड, आणि हातोडा खांद्यावर टाकून येणारे नामदेवभाऊ. मंडपात कुजबूज झाली, पोरं ओरडली, मग शांतता. ते वाकले. हातोडा पडला. माझा आवाज दरीभर घुमला आणि त्यातून मुक्ताचं व्हायोलिन उठलं. माझ्या अंगावर काटा आला, आपल्याच कामावर.

पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मला वाटलं, आनंदाने. पडद्यावर नामदेवभाऊ पुढे चालू लागले. दुसरा टोला. आणखी दोघंतिघं हसले. तिसऱ्याला एकाने दुसऱ्याच्या मांडीवर थाप मारली. पाचव्यासहाव्यापर्यंत अख्खी गँग हसत होती, बायका 'काय झालं, काय झालं' विचारत होत्या. शेवटचा टोला पडला तेव्हा मुकादम मोठ्याने म्हणाले, "नामदेवा, आरं सगळ्याच ढिल्या सोडून आलास की रं."

मंडप हसला. नामदेवभाऊही हसले. हसता हसता त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट चौघडी घडी केली आणि मांडीखाली ठेवली.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठून विचारलं, हसले कशाला सगळे. ते सांगेनात. मी आग्रह धरला. तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, आवळलेली चावी वाजत न्हाई. ती बसती. ठप्प करून. वाजती ती सुटी. चावीवाल्याला डोळ्याआदी कानानं कळतं. आता तुमच्या सिनेमात मी हातोडा घालतो, चावी वाजती, म्हंजी ढिली हाय, आन् मी तसाच म्होरं जातो. नऊ येळा."

मला समजलं. सुतळीने अधांतरी टांगलेली कडी. ती वाजली कारण तिला कशानेच धरलेलं नव्हतं. ज्या माणसाने चौतीस वर्षं एकही चावी ढिली सोडली नाही, त्याच्या निरोपाला, त्याच्याच माणसांसमोर, मी त्याला नऊ ढिल्या चाव्या सोडून जाताना दाखवलं होतं.

इथे मी हात जोडायला हवे होते. मी काय केलं? मी बाजू मांडली. म्हटलं, सिनेमात असंच असतं नामदेवभाऊ, लोकांना खरा आवाज खरा वाटत नाही.

"लोकांना न्हाई वाटत," ते म्हणाले. "पण ही माणसं लोक न्हाईत ना, साहेब."

प्रणाली शेजारीच कपांचा ट्रे घेऊन उभी होती. 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द बोलायचा तिला पुरेपूर हक्क होता. ती बोलली नाही. मला म्हणाली, "सर, साखर कमी चालेल ना?"

पुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहितो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. कॉलेजला फिल्म द्यायला महिना होता. मूळ आवाज द्या, तेच लावते, संगीत काढून टाकते. मी म्हटलं, शोधतो. चार दिवसांनी पुन्हा फोन. मी म्हटलं, डिस्क जरा त्रास देतेय. आठवड्याने म्हटलं, दुरुस्तीला दिलीय. अडुसष्ट वर्षांचा माणूस, नातवंडांना खोटं बोलू नये असं शिकवणारा, एका पोरीशी दर फोनला नवं खोटं बोलत होतो. सुमन सगळं ऐकत होती. एके दिवशी तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "डिस्क ठणठणीत आहे आणि तू पण. सांग तिला."

मी सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे सर." पुन्हा जाऊन आवाज घेता आला नसता. नामदेवभाऊ आता रेल्वेचे नव्हते, रुळावर पाय ठेवायची त्यांना परवानगी नव्हती, आणि दुसऱ्या कुणाचा हातोडा तिला नको होता.

तिने कॉलेजला फिल्म दिली ती तशीच, मुकी. हातोडा पडतो आणि काही ऐकू येत नाही. वारा वाहतो, हातोडा पडतो, नामदेवभाऊ पुढे जातात. परीक्षकांनी ध्वनीत त्रुटी म्हणून गुण कापले. तिने माझं नाव श्रेयनामावलीत ठेवलं होतं. ते काढ म्हणायचीही मला लाज वाटली.

मार्च संपता संपता एका दुपारी मी रिकामा बसलो होतो. रिकामा म्हणजे झोपाळ्यावर, कडी पुन्हा जागेवर बसवलेली. आणि मला हवा आठवली. नागफणीवरून प्रणालीने घेतलेली ती वीस मिनिटं. फिल्मसाठी मी त्यातला शुद्ध वारा तेवढा घेतला होता, कारण मधूनमधून खालून कसलीशी टकटक येत होती आणि ती मला नको होती. मी टकटक कापून वारा जोडला होता. मूळ मात्र होतं.

मी कानावर हेडफोन चढवले. वारा. एक पाखरू. लांबवर द्रुतगती मार्गाची गाज. आणि खूप खाली, दरीच्या तळातून, ठप्प. थोडी पावलं जातील इतका वेळ. ठप्प. पहिल्या दिवशी प्रणाली वर बसली होती तेव्हा नामदेवभाऊ खाली आपली चाल चालत होते.

दुसऱ्या दिवशी मी कुरवंड्याला गेलो. प्रणाली कॉलेजात होती, मुद्दामच ती नसताना गेलो. नामदेवभाऊ अंगणात कुदळीला दांडा बसवत होते. मला बघून उठले, आत खुर्ची आणायला निघाले. मी सतरंजी मागितली. मग जे मंडपात करायचं होतं ते केलं. म्हटलं, नामदेवभाऊ, चुकलो. तुमच्या पोरीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुमचे आवाज मी पुसून टाकले आणि वर खोटं बोललो. ते कुदळीकडे बघत राहिले. त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. मी म्हटलं, एवढं एक उरलंय, ऐकता का?

त्यांनी हेडफोन घातले, टोपीवरूनच. डोळे मिटले. त्यांचं बोट मांडीवर हलायला लागलं. ठप्पला बोट खाली. ठप्पला बोट खाली. मग एका जागी बोट लागोपाठ तीनदा पडलं आणि त्यांनी डोळे उघडले.

"हितं ढिली निघाली व्हती," ते म्हणाले. "तीन घालावे लागले. बोगद्याच्या तोंडाशी. पावसाळ्याचं पाणी तितं मुरतं, नेमी हालती ती."

मी तो भाग संगणकावर कापला होता. तीन टकटकी लागोपाठ आल्या म्हणून वैतागून कापला होता, हे मला चांगलं आठवत होतं.

"हे तुमच्यापाशी पैल्यापासनं व्हतं?"

"होतं," मी म्हटलं. "मधे येतंय म्हणून मीच काढलं होतं."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून हातात धरून म्हणाले, "ज्ञानोबाला ऐकवाल का?"

एवढंच मागितलं त्यांनी. चौतीस वर्षं बरोबर काढलेल्या एका माणसाने ऐकावं. माझ्या स्कूटरवर मागे बसून ते आले, संगणकाची पिशवी छातीशी धरून. कामशेतला बाजारपेठेच्या मागे मुकादमांचं घर. ओट्यावर बसूनच सगळं झालं. मुकादमांना काय आहे ते आम्ही सांगितलं नाही. त्यांनी हेडफोन घातले आणि आधी गाणं लागेल म्हणून हसत बसले. मग हसणं थांबलं. मग त्यांचंही बोट ओट्याच्या फरशीवर पडू लागलं. तीन टोले आले तसे ते नामदेवभाऊंकडे वळून म्हणाले, "बोगद्याचं तोंड."

नामदेवभाऊंनी मान हलवली.

"बसवलीस."

"मग काय सोडतो व्हय?"

मुकादम पुढचं सगळं, वारा संपेपर्यंत, ऐकत राहिले. हेडफोन काढले. म्हणाले, त्या दिशी मंडपात जरा जादाच बोललो मी. नामदेवभाऊंनी हाताने ते उडवून लावलं. दोघांनी तंबाखू मळली. पुढे मी ती वीस मिनिटं प्रणालीला दिली आणि आता तिने फिल्म नव्याने केली आहे. व्हायोलिन नाही, खालून येणारे हे टोलेच आहेत, आणि बोगद्याचं तोंड येतं तेव्हा ते तीनाचे तीन ऐकू येतात. पण मंडपात हसलेली सगळी माणसं पुन्हा काही एका ठिकाणी जमली नाहीत आणि जमणारही नाहीत. त्यांच्यातल्या कितीजणांच्या लेखी नामदेवभाऊ अजून नऊ चाव्या ढिल्या सोडून जाताहेत, ते मला ठाऊक नाही.

निघताना मुकादम माझ्याकडे वळले. रागाने नाही, खरोखर कळेना म्हणून विचारत होते. "साहेब, हे व्हतं, मग ते दुसरं कशापायी घातलंत?"

मी काळी दोन सांगू शकलो असतो. बंदुकीचा बार, लवंगी, गुरूंची शिस्त, सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "मला हे ऐकूच आलं नव्हतं."

मी पिशवी भरायला वाकलो. मंडपातला आवाज माझा होता एवढंच मुकादमांना ठाऊक होतं, जन्मभर माझा हाच धंदा होता हे नव्हतं. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने, आवाज अगदी खाली आणून, त्यांनी विचारलं, "साहेबांना कमी ऐकू येतं व्हय रं?"

नामदेवभाऊंनी मला ऐकू आलंय हे बघितलं होतं. ते म्हणाले, "व्हय. वय झालंय त्यांचं."

त्यांनी माझी लाज राखली. मी त्यांची राखली नव्हती.